डाव्या बाजूचे केस

कलतूमाला पहिल्यांदा तो वास आला तेव्हा ती अर्धवट झोपेत होती, आणि तिला वाटलं, शेजारी अमनेकडे कुणा नवरीच्या वेण्या चालल्या असतील. मोंगो गावात केसांच्या लेपाच्या त्या वासाचं कुणाला नवल नाही. भाजलेलं शेबेचं बी, महलबाच्या बिया, लवंगा आणि मिसिकची राळ. बाई गल्लीतून गेली की मागे वास रेंगाळतो, आणि त्यावरून कोण गेली ते पुरुषसुद्धा ओळखतात, फक्त ओळखलं असं दाखवत नाहीत. कलतूमाने कूस बदलली. वास तिच्याबरोबर त्या कुशीवर आला.

ती उठून बसली. केसांत हात घातला आणि हात तिथेच थांबला. भांगाच्या डावीकडचे केस ओलसर होते, मऊ होते, आणि त्यांच्या दोन जाड वेण्या घातलेल्या होत्या, टोकं कानामागे आत वळवलेली. उजवीकडचे केस सकाळी होते तसेच होते, काथ्यासारखे कोरडे.

पाच वर्षांची हलीमे तिच्या पायाशी चटईवर झोपली होती. अंगणापलीकडच्या खोलीत सासू. दुपारची वेळ, पावसाला अजून अवकाश, डोंगराचे दगड तापलेले आणि सगळं गाव दारं लोटून आडवं झालेलं. अंगणाचं फाटक आतून लावलेलं होतं, कारण ते तिनेच लावलं होतं.

केसांना लेप लागला यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तिचा नवरा जिब्रीन मरून दोन महिनेही झाले नव्हते. अबेशेच्या रस्त्यावर मालाचा ट्रक उलटला आणि त्याच्याखाली तो गेला. कलतूमा इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, मेंदी नाही, सुरमा नाही, तेल नाही, सुवास तर नाहीच. नवऱ्याला पुरून पुरुष परत आले त्याच संध्याकाळी तिने शेबेचा डबा, भाजायचं खापर आणि चाळायचं फडकं गाठोड्यात बांधून अमनेकडे पाठवून दिलं होतं. विधवेच्या केसांतून शेबेचा वास आला तर त्याचा अर्थ एकच, आणि तो गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होता. ही बाई दुसऱ्या कुणासाठी तयार होते आहे.

तिने घाईघाईने वेण्या सोडल्या, न्हाणीत जाऊन साबणाने केस चोळले, पुन्हा चोळले. शेबे काही निघून जाण्यासाठी लावत नाहीत. थरावर थर चढवायचे, महिनोन् महिने तसेच ठेवायचे, म्हणजे केस तुटत नाहीत आणि कमरेपर्यंत येतात. पाणी तपकिरी होऊन वाहिलं आणि न्हाणीसुद्धा घमघमायला लागली. तिने डोक्यावरून अंगभर गुंडाळायचा लांब लफाय घट्ट लपेटून घेतला आणि चुलीपाशी जाऊन बसली, धूर तरी लागेल म्हणून.

सासूचं नाव राखिये, पण मक्केला जाऊन आल्यापासून सगळे तिला हाज्जे म्हणत. सूर्य कलल्यावर हाज्जे काठी टेकत बाहेर आली, नमाजाआधी हातपाय धुवायला वजूला बसली, आणि पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून म्हणाली, "वास येतोय."

कलतूमाने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"माझ्या घरात, माझ्या पोराची माती ओली असताना, शेबेचा वास येतोय."

त्या दिवसापासून म्हातारीच्या नाकाला चैन पडेना. ती मडकी हुंगायची, चटया हुंगायची, हलीमेला जवळ घेऊन तिचं डोकं हुंगायची. कधी जेवताना बाजरीच्या गोळ्याचा घास तोंडाशी नेऊन खाली ठेवायची आणि म्हणायची, यालाही तोच वास. नमाजाला बसली तर म्हणे, सजद्यात तोंड टेकलं की वास येतो, माझा नमाजही बाटवलास. बोलण्यात ती आधीपासून तिखट होतीच. कलतूमा लग्न होऊन आली तेव्हा हाज्जेने तिचे केस बघून म्हटलं होतं की केस लांब आहेत, अक्कल कुठवर पोचली ते बघू. पण तेव्हाच्या टोमण्यांत एक गंमत असायची. आताच्या बोलण्यात गंमत नव्हती, भीती होती, आणि ती कशाची हे कलतूमाला कळत नव्हतं.

आणि वास पुन्हा आला. कधी एक दिवस मध्ये जायचा, कधी तीन. दरवेळी दुपारीच, आणि दरवेळी डावीकडेच.

शेबेच्या बाबतीत कलतूमाला कुणी शिकवायची गरज नव्हती. मोंगोत तिच्या हाताला नाव होतं. शेबेचं बी निवडायचं, खापरावर मंद आचेवर हलवत राहायचं, रंग बदलायला लागला की उतरवायचं, क्षणभरही उशीर नको. मग उखळात कुटायचं आणि फडक्यातून गाळून घ्यायचं, धुळीइतकं बारीक. महलब वेगळं, लवंगा वेगळ्या, मिसिक सगळ्यात शेवटी आणि चिमटीभरच. तिळाच्या तेलात कालवायचं. केस आधी पाण्याने भिजवायचे, मग लेप केसांच्या लांबीला लावायचा, टाळूला कधीही नाही, टाळूला लागला तर खाज सुटते आणि बाई रात्रभर शिव्या घालते. हे सगळं एकटीला जमतं. जमत नाही ते शेवटचं. आपल्या डोक्याच्या मागे आपला हात नीट पोचत नाही. तिथे दुसरीचे हात लागतात. म्हणून मोंगोत बाई कितीही भांडकुदळ असली तरी एका तरी बाईशी जुळवून घेतेच.

म्हणूनच कलतूमाने एक बट नाकाशी धरताच ओळखलं. हे मिश्रण तिचं नव्हतं. बी जवळजवळ काळं होईपर्यंत भाजलेलं होतं, मिसिक सढळ हाताने घातलेली होती, आणि तेलाच्या जागी गाईचं लोणी होतं. असं आता कुणी करत नाही.

अमने भिंतीवरून भाजी द्यायला आली तेव्हा तिने तिलाही हुंगायला लावलं. अमने साठीला टेकलेली, तोंडाची फटकळ, अर्ध्या मोंगोच्या बाळंतपणांना हजर राहिलेली बाई. तिने बट बोटांत चोळली आणि तिचं तोंड उतरलं. ती म्हणाली, लोणी घालून शेबे करणाऱ्या बायका एकेक करून कबरीत गेल्या, पोरी, हा जिवंत बाईचा हात नाही. मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून तिने तोबा केला आणि दुसऱ्या दिवशी कुराण शिकवणाऱ्या फकीकडून त्यातल्या आयती लिहिलेली पाटी धुऊन तिचं पाणी आणून दिलं. कलतूमाने ते प्यायलं, हलीमेला पाजलं, उरलेलं उंबऱ्यावर शिंपडलं. तिसऱ्या दुपारी डावीकडचे केस पुन्हा मऊ होते.

आता खरं ते सांगायला हवं. एकदोनदा तिला मध्येच जाग आली होती. रात्री तिचा डोळा लागत नसे, म्हणून दुपारी ती मेल्यासारखी झोपायची, आणि त्या झोपेच्या तळाशी तिला बोटं जाणवायची. पाणी लावणारी, बट वेगळी करणारी, हळू हळू खाली ओढत जाणारी बोटं. पण तिने डोळे उघडले नाहीत. जिब्रीन गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. सांत्वनाला आलेल्या बायका लांब बसून रडल्या आणि लांबूनच उठून गेल्या. जे कुणी होतं, जिवंत की मेलेलं, त्याचे हात प्रेमाचे होते, आणि कलतूमाला ते हवे होते. हे ती अमनेला बोलली नाही. फकीला तर नाहीच.

गोष्ट घरात राहिली असती तर निभावलं असतं. पण हाज्जेने थोरल्या मुलाला निरोप धाडला. अन्नूर, कलतूमाचा थोरला दीर, बाजाराच्या पलीकडे राहायचा. मशिदीत पहिल्या रांगेतला माणूस, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. तो आला, अंगणात कडुलिंबाखाली बसला आणि कलतूमाकडे न बघता बोलला. त्याने सांगितलं की भावाची इज्जत भावाबरोबर पुरलेली नाही. पुन्हा असा वास आला तर शुक्रवारी घरचे पुरुष बसतील, आणि मग कलतूमाने बित्किनला बापाच्या घरी जावं. हलीमे इथे राहील. पोर आमच्या रक्ताची आहे.

कलतूमाने शपथ घेतली की तिने काही लावलेलं नाही. अन्नूरने विचारलं, मग कोण लावतं? उत्तर नसलेली शपथ कशी दिसते ते तिला त्याच्या तोंडावर दिसलं. हलीमे तेव्हा त्याच्या मांडीवर बसून त्याच्या जपमाळेचे मणी सरकवत होती.

दुसऱ्या दिवशी तिने हलीमेला भिंतीवरून अमनेकडे दिलं, काळाकुट्ट कडक चहा दोनदा उकळून प्यायला आणि नेहमीसारखी चटईवर आडवी झाली. उजव्या कुशीवर, डोळे मिटून. मनात एकच होतं, की आज बघायचं, मग ते काहीही असो. बाहेर एक कावळा ओरडला आणि गप्प झाला.

मग पावलं आली. हलकी, भरभर येणारी, काठीचा आवाज नसलेली. पडदा सरकला. कुणीतरी तिच्या डोक्यामागे बसलं, आणि बसताना गुडघे वाजले नाहीत. वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला आणि सगळी खोली त्या वासाने भरली. गार पाण्याची बोटं डावीकडच्या केसांत शिरली.

"किती गुंतवून ठेवलेस," आवाज म्हणाला. "आज पाहुणे येतील, आणि हिचं डोकं बघा."

आवाज ओळखीचा होता आणि नव्हताही. त्यातली खरखर गेली होती. तो एखाद्या चाळिशीच्या बाईचा, घाईतल्या, आनंदातल्या बाईचा आवाज होता. कलतूमाने पापण्यांच्या फटीतून पाहिलं. समोरच्या भिंतीवर सावली होती, आणि चटईच्या कडेला दोन म्हातारे पाय, टाचा फुटलेले. डाव्या पायाचा अंगठा वाकडा होता. त्या पायांवर ती रोज वजूचं पाणी ओतत होती.

हाज्जेने एक बट घेतली, लेप लावला, पीळ दिला. मग थांबून, अगदी हळू विचारलं, "दुखतंय का गं, महासीन?"

कलतूमाने डोळे घट्ट मिटून घेतले. बोटं पुन्हा चालायला लागली, आधीपेक्षाही हलकी. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. दोन वेण्या झाल्या. हात भांगापाशी आले, उजवीकडच्या केसांवर टेकले आणि तिथेच राहिले. किती तरी वेळ नुसते टेकलेले. मग म्हातारी उठली, वाटी उचलली आणि गेली. अंगणापलीकडच्या खोलीत पेटीचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. पुढे सूर्य कलल्यावर हाज्जे काठी टेकत, कण्हत बाहेर आली, वजूला बसली, हुंगली, आणि तिने कलतूमाला निर्लज्ज म्हटलं.

महासीन कोण ते कलतूमाला ऐकूनच माहीत होतं. हाज्जेची एक मुलगी लहानपणी वारली, एवढंच या घरात सांगत, आणि तेही कुणी विचारलं तर. संध्याकाळी हलीमेला परत घेताना तिने भिंतीवरून अमनेला विचारलं. अमने बराच वेळ भिंतीवरची माती नखाने खरवडत राहिली. मग तिने सांगितलं ते असं. महासीन लहान नव्हती, लग्नाची होती. नवरीच्या वेण्या घालायला दुसऱ्या बायका बोलावतात, पण राखियेने कुणाला हात लावू दिला नाही, माझ्या लेकीचे केस मीच करणार म्हणाली. लोणी घालून शेबे केलं, सकाळपासून बसली. पोरगी म्हणायला लागली, यम्मा, डोकं दुखतंय. सगळ्या बायका हसल्या. केस ओढले की डोकं दुखणारच, प्रत्येक नवरी हेच रडगाणं गाते. ती पुन्हा म्हणाली. राखिये म्हणाली, नीट बस, हलू नकोस. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा राखियेने तिला पाठीत धपाटा घातला. डावी बाजू झाली होती. उजवीला हात लावला तर पोरीची मान वळेना. ते दिवस मान ताठ होणाऱ्या तापाचे होते, हा असाच कोरडा वारा, पण लग्नघरात कुणाच्या डोक्यात ताप येतो? संध्याकाळी ती कुणाला ओळखत नव्हती. दवाखाना तेव्हाही होता, गाढवांची गाडीही अंगणात होती. नेईनेईतो उजाडलं, आणि उजाडल्यावर न्यायचं कारण उरलं नाही.

"वेण्या घालताना मीही होते तिथे," अमने म्हणाली. "मीही हसले होते."

त्या रात्री कलतूमाच्या मनात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती, सांगून टाक, तुझी सुटका होईल, पोर तुझ्यापाशी राहील. दुसरी म्हणत होती, सांगशील तर त्या म्हातारीचं काय राहील? मुलगे तिला खोलीत कोंडून कडी लावतील. गल्लीतल्या बायका हाज्जेला वेड लागलं म्हणून बघायला येतील. आणि तिला स्वतःला कळेल, ते सगळ्यात वाईट. कलतूमाला सासूचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, याचाच तिला राग आला.

शुक्रवारच्या नमाजानंतर अन्नूर आणि त्याचे दोन भाऊ कडुलिंबाखाली बसले. हाज्जे त्यांच्यासमोर चटईवर, पाठ ताठ, काठी मांडीवर आडवी. कलतूमा खोलीच्या दारात उभी होती. हलीमेला भावांपैकी एकाची बायको आधीच घेऊन गेली होती, आणि तिचे कपडेही नेले होते. ते बघून कलतूमाला कळलं की निकाल ठरून आलेला आहे.

हाज्जेने आरोप सांगितला. स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. घरात वास येतो, अमुक दिवशी आला, तमुक दिवशी आला, काल आला. ही नाही म्हणते. हिच्याशिवाय घरात आहे कोण?

अन्नूरने विचारलं, काही सांगायचं आहे का.

"आहे," कलतूमा म्हणाली. "मला लेप लावतात त्या हाज्जे आहेत."

धाकटा दीर ताडकन उठला. त्याने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मधला म्हणाला, चोर तो चोर आणि वर आईवर ढकलतेस. कलतूमा थांबली नाही, थांबली असती तर पुन्हा बोलू शकली नसती. तिने सांगितलं की त्या दुपारी येतात, काठी न घेता. डावीकडच्या वेण्या घालतात आणि उजवीकडे हात ठेवून उठून जातात. मला महासीन म्हणतात.

ते नाव त्या अंगणात किती वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. धाकटा तर त्या मरणानंतर जन्मलेला, तो नुसताच भावांकडे बघत राहिला. अन्नूरने मान खाली घातली.

हाज्जे हलली नाही. ती कलतूमाकडे अशी बघत होती की आता काठी उगारणार. मग तिने काठी बाजूला ठेवली. उजवा हात उचलून स्वतःच्या नाकाशी धरला. हुंगला. मग डावा. मग दोन्ही तळहात तोंडावर घेऊन ती तशीच बसून राहिली.

तिने हात खाली घेतले तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती. हे नंतर अन्नूरनेही सांगितलं, की आई त्या क्षणी जितकी शुद्धीत होती तितकी त्याने तिला गेल्या वर्षभरात पाहिली नव्हती.

"मी तुला काय म्हणते तिथे?" तिने कलतूमाला विचारलं.

"दुखतंय का, असं विचारता."

"मग? तू काय म्हणतेस?"

"काही नाही, हाज्जे. मी झोपेचं सोंग घेते."

म्हातारीने मान हलवली, बराच वेळ हलवत राहिली. मुलगे तिच्याकडे बघत होते, ती मुलांकडे बघत नव्हती.

"ती बोलली होती," हाज्जे म्हणाली. "तीनदा बोलली. मीच ऐकलं नाही." मग तिने पदराने नाक पुसलं आणि घरातली कामं सांगायच्या आवाजात कलतूमाला म्हणाली, "पुन्हा आले तर सांग. दुखतंय म्हण. मी हात काढून घेईन."

अन्नूर उठला. हलीमेला आत्ता घेऊन या, असं त्याने धाकट्याला सांगितलं, तिच्या कपड्यांसकट. बित्किनचं नाव पुन्हा निघालं नाही. मधल्याने आईच्या खोलीला कडी लावण्याबद्दल काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली, तर अन्नूरने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अन्नूर त्या दिवशी आपल्या घरी गेला नाही. महासीनच्या लग्नाच्या वेळी तो बारा वर्षांचा होता आणि गाढवं हाकायला शिकला होता, ही गोष्ट कलतूमाला तेव्हा ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कलतूमा चटईवर आडवी झाली. तिला वाटत होतं, आता काही ती यायची नाही, कळून चुकल्यावर कोण येतं? हलीमे झोपली. बाहेर कडुलिंबाखाली अन्नूर बसला होता, गाढवाच्या सामानाचा एक पट्टा शिवायला घेऊन, आणि शिवत नव्हता.

पडदा सरकला. भरभर पावलं, वाटीचा आवाज, तो वास. गार बोटं डावीकडे शिरली आणि आवाज म्हणाला की पाहुणे येतील आणि हिचं डोकं बघा. कलतूमा डोळे मिटून पडून राहिली. तिला रडू फुटत होतं. ही बोटं गेली की पुन्हा कुणाची यायची नाहीत, हे तिला कळत होतं, आणि तरी ती त्या प्रश्नाची वाट बघत होती.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय, यम्मा," कलतूमा म्हणाली.

बोटं थांबली. मग ती वेणी उलगडायला लागली, एकेक पेड, घाईने पण एकही केस न ओढता. सगळं मोकळं झाल्यावर एक तळहात तिच्या कपाळावर आला, मग मानेवर, आणि मानेला धरून त्याने अगदी हलकेच डोकं एका बाजूला वळवून बघितलं, मग दुसऱ्या. वाटी लाथेने कलंडली. हाज्जे पडदा ओढून उन्हात अनवाणी धावली आणि तिने अंगणात उभं राहून हाक मारली.

"अन्नूर, गाडी जुंप. पोरीला ताप आहे."

अन्नूरच्या हातातून पट्टा पडला. जपमाळ, इद्दत, शेजारपाजार, त्याला सगळं ठाऊक होतं. पण तो आईकडे बघत होता, आणि त्याचं तोंड बारा वर्षांच्या मुलासारखं झालं होतं. त्याने काही विचारलं नाही. तो गाढवं आणायला धावला.

कलतूमा उंबऱ्यापाशी येऊन थांबली. लेप तिच्या मानेवरून ओघळत होता, केस मोकळे होते. गाडी दारात आली तेव्हा अन्नूर पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलला. तो म्हणाला, "बस. दवाखान्यापर्यंतच जायचंय."

ती बसली. हाज्जेने तिचं डोकं मांडीवर घेतलं, त्यावर आपल्या लफायची सावली धरली, आणि बाजारापर्यंतच्या सगळ्या खडबडीत रस्त्याने, लोक दारांतून डोकावून बघत असताना, ती मुलाला एकच सांगत राहिली.

"हळू हाक रे. दुखतंय म्हणते ती."